नकाशा जमिनीशी जुळवताना: दिशा डोक्यात कशा बसतात आणि कुठे चुकतात

शाळेत दिशा शिकवताना मुलांना उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे करतात. समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. पुढे भूगोलाच्या तासाला भिंतीवर नकाशा लागतो आणि त्यात उत्तर वर, पूर्व उजवीकडे असते. दोन्ही गोष्टी बरोबर आहेत, पण त्यांचा सांधा जुळवून द्यायचे राहून जाते. शरीराला पूर्व समोर ठाऊक असते, कागद ती उजवीकडे दाखवतो. मोठेपणी नकाशा हातात घेतल्यावर जी माणसे अडखळतात, त्यांची बुद्धी कमी पडत नसते. त्यांच्या डोक्यात दोन वेगवेगळ्या मांडण्या एकाच वेळी चालू असतात.

यावर उपाय एकच आहे आणि तो सोपा आहे: आधी नकाशा फिरवून जमिनीशी जुळवायचा, मगच वाचायचा. कागदावरची उत्तर खऱ्या उत्तरेवर बसली की नकाशात उजवीकडे दिसणारे गाव प्रत्यक्षातही उजवीकडेच असते आणि मनातल्या मनात काहीही उलटवावे लागत नाही. अक्षरे उलटी दिसली तरी चालतील. गावांची नावे मान वाकडी करून वाचता येतात, चुकलेला डोंगर मात्र परत उतरावा लागतो.

शिक्षकांसाठी एक सूचना इथेच सांगतो. वर्गात नकाशा दक्षिणेकडच्या भिंतीवर टांगला, तर नकाशातली पूर्व प्रत्यक्ष पश्चिमेकडे येते. मुले रोज चुकीची जोडणी पाहत राहतात. नकाशा उत्तरेच्या भिंतीवर लावा. त्याहून चांगले म्हणजे जमिनीवर अंथरून तो उत्तरेला जुळवा आणि मुलांना भोवती बसवा. ‘उत्तर म्हणजे वर, आकाशाकडे’ हा गैरसमज जमिनीवरच्या नकाशाने एका तासात जातो.

हाच नियम ‘आपण येथे आहात’ असे लिहिलेल्या फलकांना लागतो. रुग्णालय, कॉलेज किंवा मोठ्या सोसायटीत असा फलक लावायचा असेल, तर फलकासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या पुढ्यात जे आहे ते नकाशात वरच्या बाजूला यायला हवे. मार्विन लेव्हिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अशा फलकांवर काम केले. उलटा लावलेला फलक पाहून माणसे नेमकी विरुद्ध दिशेला चालू लागतात, हे त्यातून स्पष्ट झाले. त्यामुळे एकच छापील नकाशा चार प्रवेशद्वारांवर लावू नये. प्रत्येक द्वारासाठी तो वेगळा फिरवून छापावा. उत्तरेचा बाण प्रत्येकावर असावाच.

डोक्यातला नकाशा तपासून घ्या

होकायंत्राला हात लावण्यापूर्वी आपला मनातला नकाशा किती वाकडा आहे हे पाहायला हवे. मन रेषा सरळ करते आणि तिरक्या गोष्टी चार मुख्य दिशांना नेऊन चिकटवते.

पुणे मुंबईच्या कोणत्या दिशेला आहे? बहुतेक जण ‘पूर्वेला’ म्हणतात. प्रत्यक्षात पुणे मुंबईच्या आग्नेयेला, साधारण १२० अंशांवर आहे. पणजी पुण्याच्या कोणत्या दिशेला? गोवा किनाऱ्यावर, म्हणून मन तिला नैऋत्येला ढकलते. पण आपला किनारा उत्तर-दक्षिण सरळ नाही, दक्षिणेकडे जाताना तो पूर्वेला सरकत जातो. पुणे आणि पणजी जवळजवळ एकाच रेखांशावर, ७३.८ अंशांच्या आसपास आहेत. म्हणजे पणजी पुण्याच्या सरळ दक्षिणेला आहे. अमेरिकेतले याच जातीचे उदाहरण प्रसिद्ध आहे: नेव्हाडातले रेनो हे शहर कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या पश्चिमेला आहे. कॅलिफोर्निया पश्चिमेला म्हणजे त्यातले प्रत्येक शहरही पश्चिमेला, असे मन धरून चालते आणि फसते. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ही चूक प्रयोगाने दाखवून दिली.

मुंबईच्या लोकलने तर लाखो लोकांना स्वतःची अशी एक दिशापद्धती दिली आहे. रुळांच्या एका बाजूला ‘ईस्ट’, दुसऱ्या बाजूला ‘वेस्ट’. अंधेरी, बोरिवलीला हे बऱ्यापैकी जुळते, कारण तिथे रूळ जवळपास उत्तर-दक्षिण धावतात. ठाण्याच्या पुढे मध्य रेल्वे वळते. दिव्याहून डोंबिवली-कल्याणकडे रूळ ईशान्येच्या अंगाने जातात, त्यामुळे ‘डोंबिवली पूर्व’ खऱ्या अर्थाने स्टेशनच्या आग्नेयेला येते आणि ‘डोंबिवली पश्चिम’ वायव्येला. रोजच्या व्यवहारात काही बिघडत नाही. पण घराची दिशा, सौर पॅनेल किंवा सकाळचे ऊन कुठून येईल हे ठरवताना स्टेशनची पूर्व धरून चालाल तर फसाल.

एक सराव करा. कोऱ्या कागदावर घर, स्टेशन, बाजार, शाळा आणि एखादा ठळक डोंगर किंवा नदी अशा पाच-सहा जागा नकाशा न पाहता मांडा. उत्तरेचा बाण काढा. मग खऱ्या नकाशावर घरापासून प्रत्येक जागेची रेषा काढून कोन मोजा. २०-३० अंशांचा फरक पडला तर आश्चर्य मानू नका. चूक कुठे होते ते मात्र लिहून ठेवा. बहुधा ती वळणाऱ्या रस्त्याला मनात सरळ केल्यामुळे असते.

माझी डावी, की गावाची उत्तर?

वाट सांगण्याच्या दोन रीती आहेत. ‘डावीकडे वळा’ ही अंगावरून सांगितलेली दिशा, ऐकणारा फिरला की तीही फिरते. ‘पूर्वेच्या बांधाने जा’ ही जमिनीवरून सांगितलेली दिशा, ती कोणासाठीही तीच राहते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधली गुगू यिमिथिर भाषा बोलणारे लोक पारंपरिक बोलण्यात डावे-उजवे वापरतच नाहीत. शेजारच्या वस्तूची जागासुद्धा उत्तर-दक्षिणेने सांगतात, त्यामुळे त्यांना आपली दिशा सतत ठाऊक असते. म्हणजे हे वळण सवयीने लागते, आणि ते आपल्यालाही लावून घेता येते.

आपल्याकडेही ते आहेच. उगवतीचा बांध, मावळतीची पडवी हे शब्द गावात आजही चालतात. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना पूर्वेस कोणाची जमीन, पश्चिमेस कोणाची, दक्षिणेस काय, उत्तरेस काय हे नोंदतात. कोकणात त्याच्या जोडीला उताराची दिशा येते: वर म्हणजे घाटाकडे, खाली म्हणजे दर्याकडे. बाली बेटावरही ‘डोंगराकडे’ आणि ‘समुद्राकडे’ याच मुख्य दिशा आहेत. पण बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर डोंगर दक्षिणेला येतो आणि दक्षिण किनाऱ्यावर उत्तरेला. उताराच्या दिशेची मर्यादा इथे कळते. ती एका बाजूला बिनचूक असते, डोंगर ओलांडला की उलटते. देशावरून कोकणात उतरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

जमीन पाहायला गेलात तर चतुःसीमा नुसती कानाने ऐकू नका. गावनकाशाची प्रत घेऊन त्यावरचा उत्तरेचा बाण शोधा, नकाशा प्रत्यक्ष उत्तरेला जुळवा आणि चारही बाजूंचे गट क्रमांक नकाशाशी पडताळा. सांगणारा अनेकदा रस्त्याला पश्चिम धरून बोलत असतो आणि रस्ता नैऋत्येला असतो.

आणखी एक हिशेब. आठ दिशांची नावे सोयीची आहेत, पण प्रत्येक नाव ४५ अंशांचा पट्टा व्यापते. ‘ईशान्येला ३ किलोमीटर’ एवढ्यावर निघालात तर दोन्ही बाजूंना सव्वा किलोमीटरपर्यंत चुकण्याची मुभा त्या शब्दातच आहे. म्हणून रानात अंश लागतात: उत्तर ०, ईशान्य ४५, पूर्व ९०, आग्नेय १३५, दक्षिण १८०, नैऋत्य २२५, पश्चिम २७०, वायव्य ३१५. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेल्या या कोनाला ट्रेकर बेअरिंग म्हणतात.

कागद जुळवणे

उत्तर वर ठेवणे हा केवळ संकेत आहे. ११५४ मध्ये अल-इद्रिसीने सिसिलीच्या राजासाठी केलेल्या जगाच्या नकाशात दक्षिण वर होती, मध्ययुगीन युरोपातल्या अनेक नकाशांत पूर्व वर असे. त्यामुळे कोणताही नकाशा, विशेषतः हाताने काढलेला गडाचा नकाशा किंवा गाव नकाशा घेतलात, की आधी बाण शोधा. बाण नसेल तर दोन ओळखीच्या जागांवरून उत्तर ठरवा.

डोंगरासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा उत्तम. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या अंतराने असतात. दोन जाड रेषांमध्ये किती बारीक रेषा आहेत हे मोजून आणि आकडे वाचून एकदा खात्री करा. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा. २० मीटरपेक्षा कमी उंचीचा कडा मात्र दोन रेषांच्या मध्ये लपू शकतो आणि सह्याद्रीत असे कातळटप्पे जागोजाग आहेत. नकाशात उतार सौम्य दिसला म्हणून दोर घरी ठेवू नये.

होकायंत्राशिवाय नकाशा असा जुळवा:

१. आपण नक्की कुठे आहोत हे माहीत असलेली जागा घ्या: खिंड, देऊळ, धरणाची भिंत.
२. दूरची एक आणि बाजूची एक अशा दोन ठळक खुणा निवडा. एकीवर विसंबू नका. सह्याद्रीत कातळमाथ्याचे दोन डोंगर सारखेच दिसतात.
३. नकाशा आडवा धरून, आपल्या जागेवर बोट ठेवून, पहिली खूण आणि तिचे चित्र एका रेषेत येईपर्यंत फिरवा.
४. दुसरी खूण जुळते का पाहा. जुळली नाही तर एक खूण चुकीची ओळखली आहे किंवा तुम्ही समजता तिथे नाही.
५. चालताना प्रत्येक वळणावर नकाशा उलट्या दिशेने तेवढाच फिरवा. तुम्ही उजवीकडे वळलात तर कागद डावीकडे वळतो. नकाशावरचा अंगठा जिथे पोहोचलात तिथे सरकवत राहा.

पाचवी पायरी बहुतेक जण सोडतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. सकाळी जुळवलेला नकाशा खिशात घालून दुपारी बाहेर काढला की मन तो पुन्हा ‘वर म्हणजे पुढे’ असा वाचते.

होकायंत्र

पारदर्शक पट्टीचे होकायंत्र घ्या. त्याला पट्टीवर प्रवासबाण असतो, फिरणारी तबकडी ० ते ३६० अंशांची असते, तबकडीच्या तळाशी समांतर रेषा आणि एक बाणाची चौकट असते आणि आत द्रवात तरंगणारी सुई असते. सुईचे लाल टोक उत्तर दाखवते. किल्लीच्या साखळीला लावलेले छोटे होकायंत्र कोन मोजायला निरुपयोगी आहे.

नकाशावरून जमिनीवर दिशा काढण्यासाठी पट्टीची लांब कड ‘आपण’ आणि ‘जायचे ठिकाण’ यांच्यावर ठेवा, प्रवासबाण जायच्या बाजूला. मग सुईकडे न पाहता तबकडी फिरवून तिच्या तळाच्या रेषा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेषांना समांतर करा, तबकडीचा उत्तर नकाशाच्या उत्तरेकडे. प्रवासबाणाशी आलेला आकडा म्हणजे बेअरिंग. आता नकाशा बाजूला ठेवा, होकायंत्र छातीसमोर आडवे धरा आणि लाल टोक चौकटीत बसेपर्यंत पूर्ण शरीराने फिरा. फक्त मनगट फिरवू नका. समोर प्रवासबाणाच्या रेषेत एखादे झाड किंवा खडक निवडा, होकायंत्र खाली घ्या आणि त्या खुणेपर्यंत चाला. सुईकडे बघत चालणारा माणूस ठेचकाळतो आणि सरळही जात नाही.

या कामात १८० अंशांची चूक दोन ठिकाणी शिरते: प्रवासबाण उलटा ठेवला, किंवा तबकडीचा उत्तर नकाशाच्या दक्षिणेकडे केला. त्यावर उतारा असा की मोजण्यापूर्वी अंदाज सांगा. ‘वायव्येला, म्हणजे ३०० च्या आसपास’ असे आधी म्हणालात आणि तबकडीवर १२० आले, तर चूक तिथेच पकडली जाते.

उलट काम म्हणजे दिसणाऱ्या खुणांवरून आपली जागा काढणे. प्रवासबाण खुणेकडे रोखा, लाल टोक चौकटीत येईपर्यंत तबकडी फिरवा, आकडा वाचा. नकाशावर पट्टीची कड त्या खुणेवर ठेवून सगळी पट्टी फिरवा, तबकडीच्या रेषा नकाशाच्या रेषांना समांतर झाल्या की कडेने रेघ ओढा. तुम्ही त्या रेघेवर कुठेतरी आहात. दुसऱ्या खुणेची रेघ तिला छेदते तिथे तुमची जागा. दोन खुणांमधला कोन ६० ते १२० अंशांचा असावा.

राजगड ते तोरणा ही सोंड घ्या. मधल्या धारेवर उभे राहून राजगड आणि तोरणा हेच दोन गड निवडले तर ते जवळजवळ एकमेकांच्या विरुद्ध बाजूला येतात. दोन्ही रेघा एकमेकींवर पडतात आणि छेद सापडत नाही. ईशान्येला मनोऱ्यावरून ओळखू येणारा सिंहगड घेतला तर रेघा सत्तरेक अंशांत छेदतात. पण सिंहगड तिथून १५ किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि १ अंशाची चूक दर किलोमीटरला १७ मीटर सरकवते, म्हणजे २५०-२८० मीटर. धारेवर तुम्ही आहात हे ठाऊकच असेल तर धार हीच पहिली रेघ माना आणि जवळच्या एखाद्या शिखराची दुसरी घ्या. जवळची खूण नेहमी दूरच्या खुणेपेक्षा भरवशाची.

सुई का बिघडते? मोबाइल, पॉवर बँक, ट्रेकिंगची काठी, चाकू, कमरेच्या पट्ट्याचे लोखंडी बक्कल, कानाच्या यंत्राच्या डबीतले चुंबक. यांपासून हातभर तरी दूर राहा. मोटारीपासून दहा पावले, विजेच्या मोठ्या तारांपासून त्याहून जास्त. गडावर तोफेशेजारी किंवा लोखंडी रेलिंगला टेकून घेतलेला आकडा फेकून द्या. आपल्याकडचा काळा कातळ बेसाल्टचा आहे, त्यात मॅग्नेटाइट असते. वीज पडून गेलेल्या माथ्याच्या खडकाजवळ सुई भरकटू शकते. म्हणून होकायंत्र कातळावर ठेवून वाचू नका, हातात धरा. शंका आली तर १०-१५ पावले त्याच रेषेत पुढे जाऊन त्याच दूरच्या खुणेचा आकडा पुन्हा घ्या. तीन-चार अंशांहून अधिक फरक आला तर तिथे स्थानिक ओढ आहे. स्वस्त सुईचे टोक जोरदार चुंबकाशेजारी ठेवल्याने उलटेही होते. ट्रेकच्या सकाळी सूर्याकडे पाहून एकदा पडताळा करणे हा दोन क्षणांचा विमा आहे.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या फरकाबद्दल मात्र महाराष्ट्रात आपण सुखी आहोत. मुंबई, पुणे, कोकण भागात तो एका अंशाच्याही आत आहे. चालताना तो सोडून दिला तरी काही अडत नाही. हे मोजमाप आपल्याच दारात अनेक दशके चालू आहे: कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आली आणि ती आजही काम करते. पण हीच सवय घेऊन परदेशी गेलेल्या मराठी मंडळींनी सावध राहावे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात हा फरक पूर्वेकडे सुमारे १३ अंश आहे, न्यू जर्सीत पश्चिमेकडे १२-१३, सिडनीत पूर्वेकडे जवळपास तेवढाच. १३ अंश म्हणजे दर किलोमीटरला सव्वादोनशे मीटर. पूर्वेकडचा फरक असेल तर नकाशावरून काढलेल्या आकड्यातून तो वजा करा, पश्चिमेकडचा असेल तर मिळवा. भारतात घेतलेले होकायंत्र सिडनीत नेलेत तर सुई कलून तळाला घासू शकते, कारण तिचे संतुलन आपल्या गोलार्धासाठी केलेले असते. तिथे तिथलेच घ्या.

सूर्य आणि तारे

सूर्य बरोबर पूर्वेला वर्षातून दोनच वेळा उगवतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. पुण्याच्या अक्षांशावर जूनमध्ये तो ६५ अंशांवर उगवतो आणि डिसेंबरात ११५ वर, म्हणजे पूर्वेच्या दोन्ही बाजूंना २५ अंशांचा झोका. उगवत म्हणजे पूर्व असे आंधळेपणाने धरले तर जूनमध्ये किलोमीटरला सव्वाचारशे मीटर चुकाल.

‘दुपारी सूर्य दक्षिणेला असतो’ हेही आपल्याकडे वर्षभर खरे नाही. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, गोव्यात मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. म्हणूनच हातातल्या घड्याळाच्या काट्यावरून दक्षिण काढण्याची युक्ती महाराष्ट्रात वापरू नये. ती युरोपच्या आकाशासाठी ठीक आहे, जिथे सूर्य कधी डोक्यावर येत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात तो माथ्याजवळून जाताना काही मिनिटांत पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो आणि ही युक्ती प्रचंड चुकते.

माध्यान्ह बारा वाजता असतो असेही नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे. पुण्यात खरा माध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ ला आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२.४९ ला येतो. मुंबईत याहून चार मिनिटे उशिरा, नागपुरात वीसेक मिनिटे आधी.

जागेची अचूक पूर्व-पश्चिम हवी असेल, घराच्या पायासाठी किंवा सौर पॅनेलसाठी, तर शंकूची, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीची, जुनी रीत अजून सर्वांत चांगली. यज्ञवेदी आखण्याच्या कात्यायन शुल्बसूत्र या प्राचीन ग्रंथात ती दिलेली आहे आणि तिला लोखंड, बॅटरी, काहीच लागत नाही.

१. पाण्याने पातळी पाहून सपाट केलेल्या जागेत ५० सेंटिमीटर उंचीची, टोकदार काठी रोवा. ओळंबा लावून ती सरळ उभी आहे हे दोन बाजूंनी तपासा.
२. काठीच्या बुडाला दोरी बांधून ६० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा.
३. सकाळी सावलीचे टोक आत येत येत वर्तुळाला शिवते तिथे खिळा मारा. डिसेंबरात हे पावणेअकराच्या सुमारास होते, मार्चमध्ये साडेनऊला.
४. दुपारी सावली वाढत जाऊन पुन्हा वर्तुळाला शिवते तिथे दुसरा खिळा. डिसेंबरात अडीचच्या सुमारास, मार्चमध्ये पावणेचारनंतर.
५. दोन खिळ्यांना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. पहिला खिळा पश्चिमेचा. रेषेचा मध्य आणि काठीचे बूड जोडले की उत्तर-दक्षिण.

काठी झुकलेली किंवा जमीन उतरती असेल तरच ही रीत चुकते. दुपारी ढग येण्याची भीती असेल तर वेगवेगळ्या त्रिज्यांची तीन वर्तुळे काढा, एखादे तरी साधेल.

घाईत असाल तर अकरा ते दोनच्या दरम्यान १ मीटरच्या काठीच्या सावलीचे टोक खुणावा, २० मिनिटांनी पुन्हा खुणावा. टोक साधारण ८ ते १३ सेंटिमीटर सरकलेले असेल. पहिली खूण पश्चिमेची, दुसरी पूर्वेची. सकाळी किंवा संध्याकाळी हे केले तर मार्च-सप्टेंबर सोडून रेषा तिरकी येते.

रात्री ध्रुव पाहा, पण तो माथ्यावर शोधू नका. त्याची क्षितिजापासूनची उंची तुमच्या अक्षांशाएवढी असते: पुण्यात १८ अंश, नागपुरात २१, पणजीत १५. हात लांब करून आडवी धरलेली मूठ १० अंशांची, म्हणजे जेमतेम दोन मुठी. सह्याद्रीत उत्तरेला डोंगर असेल तर तो झाकलाच जातो. मार्च ते जून संध्याकाळी सप्तर्षीतल्या पुलह आणि क्रतु (चौकोनाच्या शेपटीविरुद्ध कडेचे दोन तारे) यांच्यामधले अंतर क्रतुच्या बाजूला पाचपट वाढवा, ध्रुवावर पोहोचाल. हिवाळ्यात शर्मिष्ठा या इंग्रजी एमसारख्या दिसणाऱ्या तारकासमूहावरून अंदाज घ्या. शिवाय मृग नक्षत्राच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणातला आधी उगवणारा तारा जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवतो आणि बरोबर पश्चिमेला मावळतो, तो दिसेल त्या कोणत्याही रात्री.

मोबाइल

मोबाइलवरच्या नकाशात दोन मांडण्या असतात: उत्तर वर, किंवा चालण्याची दिशा वर. गाडी चालवताना दुसरी बरी, कारण डावे वळण डावेच दिसते. पण फक्त तिच्यावर राहिलात तर शहर कधीच डोक्यात बसत नाही. नव्या जागी निघण्याआधी उत्तर वर ठेवून सगळा मार्ग एकदा पाहा, नद्या आणि मोठे रस्ते कोणत्या अंगाने जातात ते मनात धरा, मग गाडी सुरू करा. उत्तर परत वर आणायला कोपऱ्यातले होकायंत्राचे चिन्ह दाबायचे.

उभे असताना मोबाइलची दिशा त्याच्या आतल्या चुंबकमापकावरून येते आणि चुंबकाचे कव्हर असेल तर ती सपशेल खोटी असते. कव्हर काढा, मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. तरीही निळा झोत डळमळत असेल तर २०-३० पावले सरळ चाला. ठिपका कोणीकडे सरकतो ते उपग्रहावरून ठरते आणि त्यात चुंबकाचा संबंध नसतो.

धुक्यात

पावसाळ्यात घाटमाथ्यावर दहा पावलांपलीकडे दिसत नाही तेव्हा वर सांगितलेल्या साऱ्या कौशल्याची खरी गरज पडते. सह्याद्रीची मुख्य धार ढोबळपणे उत्तर-दक्षिण जाते आणि कोकणाच्या बाजूला कडे तुटलेले असतात. हरिश्चंद्रगडावर मंदिराच्या पश्चिमेला कोकणकडा आहे. धुक्यात तुमची चाल पश्चिमेकडे वळत असेल तर आकडा तपासल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका.

निघतानाच बेअरिंग आणि अंतर कागदावर लिहून घ्या. एकाला दिसेल एवढ्याच अंतरावर पुढे पाठवा, २० मीटरही पुरे, मागच्याने होकायंत्रावरून त्याला डावीकडे-उजवीकडे सरकवून रेषेत आणावे, मग सगळ्यांनी त्याच्यापर्यंत जावे. अंतर पावलांनी मोजा. उजवा पाय पडेल तेव्हा एक, अशा दुहेरी पावलांनी १०० मीटरला बहुतेकांना ६० ते ७० लागतात. आपला आकडा घराजवळच्या मैदानावर आधी काढून ठेवा, चढावर तो वाढतो. ठिकाण एखाद्या आडव्या वाटेवर असेल तर मुद्दाम ५ ते १० अंश एका बाजूला धरून चाला. वाट लागली की कोणत्या बाजूला वळायचे हे तेव्हा नक्की माहीत असते. नेम बरोबर ठिकाणावर धरला आणि ते दिसले नाही, तर डावीकडे जावे की उजवीकडे हे कळत नाही.

वाट चुकल्यावर ओढ्याच्या पाण्याबरोबर खाली उतरण्याचा मोह होतो. कोकणाच्या बाजूला तसे करू नये. तो ओढा पुढे कड्यावरून धबधबा होऊन पडतो आणि निसरड्या कातळावरून परत चढता येत नाही. शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत उलट्या बेअरिंगने परत या: आकडा १८० पेक्षा कमी असेल तर १८० मिळवा, जास्त असेल तर वजा करा. तेही जमत नसेल तर थांबा आणि ११२ ला फोन करा. मोबाइलवरून अक्षांश आधी, रेखांश नंतर, दशांश चिन्हानंतर किमान चार अंकांसह वाचून दाखवा, पलीकडच्याकडून ते परत म्हणवून घ्या आणि धारेच्या घाटमाथ्याच्या बाजूला आहात की कोकणाच्या हे आवर्जून सांगा. मदतीला येणाऱ्यांना कोणत्या पायथ्याच्या गावातून चढायचे हे त्यावरूनच ठरवावे लागते.